चार डब्यांत मावणारा शब्द

३ जून, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. नेमणूकपत्रावर ‘भाषा साहाय्यक’ असं छापलंय. बाबांनी ते पत्र शेजारच्या तीन घरांत दाखवून आणलं. बाबा भिंती रंगवतात; जाताना रंगाचे हात धुऊन गेले, हे विशेष.

कंपनी हॉस्पिटलांसाठी आणि हॉटेलांसाठी कपडे धुण्याची मोठी यंत्रं बनवते. मला वाटलं होतं, माहितीपुस्तिका लिहायच्या असतील. साहेबांनी मला सरळ मागच्या खोलीत नेलं आणि सर्किटवाल्यासमोर उभं केलं. हा पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. त्याने टेबलावरची एक पट्टी चालू केली. पट्टीवर लाल दिव्यांचे चार डबे. एकेका डब्यात सात काड्या.

“हे आपल्या मशीनचं तोंड,” तो म्हणाला. “ह्याला एका वेळी चारच अक्षरं बोलता येतात. काय बोलायचं ते आता तुम्ही ठरवा.”

“चारच?”

“पाचवा डबा बसवला तर साहेब मला डब्यात बसवतील.”

घरी आल्यावर आईने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, यंत्रं माणसांशी काय बोलतील ते ठरवायचं. ती म्हणाली, “अगं बाई!” आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

५ जून, बुधवार

मला रडू येईल असं वाटतंय.

सात काड्यांत सगळी इंग्रजी अक्षरं होत नाहीत. तिरकी काडीच नाही! के नाही, एम नाही, डब्ल्यू नाही, एक्स नाही, व्ही नाही. म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राला ‘वॉश’ म्हणता येत नाही. ‘थांबा’ म्हणायला ‘वेट’ चाललं असतं, त्यातही डब्ल्यू. एस होतो, पण तो हुबेहूब पाचासारखा दिसतो. शब्द त्याने सुरू झाला तर लोकांना वाटतं पाच मिनिटं राहिली. म्हणून स्टॉप, स्टे, सेफ, सगळे बाद. ‘हॉट’ सुचवला, तर साहेब म्हणाले तीन अक्षरी नको. “एक डबा रिकामा दिसला की गिऱ्हाईक म्हणतं दिवा गेला.”

तीन वर्षं मी इंग्रजी साहित्य शिकले. एवढा मोठा समुद्र, आणि माझ्या हातात भांडं कुठलं, तर चार डब्यांचं, त्यालाही भोकं.

सध्या यंत्रात सर्किटवाल्यानेच घातलेले पाच शब्द आहेत: पाणी भरताना फिल, तापताना बॉइल, फिरताना टर्न, मग होल्ड, मग डन. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “चार डब्यांत पाच शब्द भरायला पदवी लागते होय? मी एका डब्यात अख्खी भिंत भरतो.”

८ जून, शनिवार

आज जेवताना आईने बातमी दिली. हॉस्पिटलच्या धुलाईघरात चाचणीसाठी दोन नवीन यंत्रं आलीत आणि त्यातल्या एकावर तिला नेमलंय! ती तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, पण आजवर सगळी वर्षं छाननीला गेली. म्हणजे वॉर्डातून येणाऱ्या रक्ताच्या, घाणीच्या चादरी हाताने वेगळ्या करायच्या. नाकाला फडकं बांधून.

यंत्रं आमच्याच कंपनीची आहेत. मी जागच्या जागी उडालेच.

“पण तुलाच कसं घेतलं?” बाबांनी विचारलं.

“मुकादमांनी विचारलं, इंग्रजी कोणाला वाचता येतं? मी हात वर केला.”

“तुला?”

“येतं की थोडं थोडं. घरात एवढी ग्रॅज्युएट बसलीय, ती काय नुसती हवा खायला?”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी म्हटलं, चल, रोज अर्धा तास बसू, मी तुला नीट शिकवते. ती पटकन उठून गॅसपाशी गेली. भाजी लागेल म्हणाली. गॅस बंद होता. मी दोनदा हाक मारली तेव्हा आतूनच तिने म्हणून दाखवलं, “फिल, बॉइल, टर्न, होल्ड, डन!” अगदी स्पष्ट. बसवायला आलेल्या माणसाने एकदाच सांगितलं होतं म्हणे, आणि हिने लगेच वाचायला सुरुवात केली.

माझी आई इंग्रजी वाचते. हे वाक्य मी पुन्हा एकदा लिहिते. माझी आई इंग्रजी वाचते.

१२ जून, बुधवार

ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही की आई त्या धुलाईघरात आहे. तसा प्रसंगच आला नाही. आज साहेब म्हणाले, “चाचणीच्या ठिकाणी बायका कशा आहेत देव जाणे,” तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होते.

घरी आले तर आई फोनवर बुटक्या मावशीशी बोलत होती. ही आईची मैत्रीण, आईपाठोपाठ हिनेही हात वर केला, म्हणून दुसऱ्या यंत्रावर तिची नेमणूक झालीय. आई तिला दटावत होती, “खुर्ची आली की बसून राहायचं, मेले! उगाच वळवळ करायची नाही. कंगवा आला की मगच उठायचं. कंगवा म्हणजे सुटलो. केस विंचरा आणि चला घरी.”

काय ही परिस्थिती! दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बायकांना बसायला खुर्चीसुद्धा वाट बघून मिळते. वर सुट्टी झाल्याची खूण काय, तर कुणीतरी कंगवा फिरवतं. मी आईला म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून खुर्च्या मागा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खूप हसली. म्हणाली, “आहे गं आम्हाला खुर्ची. दिवसातनं चार वेळा येते.”

ही माणसं अन्यायावरसुद्धा हसतात, याचाच मला जास्त त्रास होतो.

१४ जून, शुक्रवार

आज साहेबांशी वाद घातला. मुद्दा ‘होल्ड’चा.

यंत्राचा ड्रम फिरायचा थांबतो तेव्हा दाराचं कुलूप सुटतं. पण आतलं उकळतं पाणी पूर्ण निघून जायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात दार उघडलं तर पाणी अंगावर. सगळ्या यंत्रात हीच एक धोक्याची जागा, आणि तिथे शब्द काय, तर होल्ड! होल्डचा साधा अर्थ ‘धर’. जिला थोडंसं इंग्रजी येतं ती काय करेल? दाराचा दांडाच धरेल!

मी म्हटलं, कुलूपच उशिरा सुटेल असं करा ना.

“कुलूप बदललं तर सगळं मशीन पुन्हा सरकारी तपासणीला जाईल,” साहेब म्हणाले. “शब्द बदलायला तपासणी लागत नाही. चार अक्षरी दुसरा दे, मी बदलतो. नसेल तर होल्ड राहील.”

सर्किटवाला मागून म्हणाला, “हॉल्ट घाला की. बसतो डब्यात.”

हॉल्ट! सैन्यातला हुकूम. सकाळपासून घामाघूम झालेल्या बाईवर यंत्राने खेकसायचं? मी स्पष्ट नाही म्हटलं. माझ्या शब्दांत माणसांचा मान राहिलाच पाहिजे. नाहीतर मी काय करतेय इथे?

“मानाचं असं आहे,” तो म्हणाला, “तो पाचव्या डब्यात ठेवावा लागतो.”

रागाने मी चहा न पिताच परत आले जागेवर.

१५ जून, शनिवार

बोल्ड. बेंड. आयडल. लूज. हील. होप. ‘होप’ छान बसतो, पण दारावर ‘आशा’ लिहून काय साधणार? कागदच्या कागद भरले. एकेक शब्द मनात येतो, मी त्याला डब्यात बसवते आणि त्याचा एक पाय बाहेर राहतो. आईने विचारलं, “काय शोधतेस एवढं?” मी म्हटलं, असा शब्द, जो वाचून तुझ्यासारखीला वाटेल की कुणाला तरी आपली काळजी आहे.

“मग काळजीच लिही की,” ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

१८ जून, मंगळवार

सापडला! केअर. सी, ए, आर, ई. चारही अक्षरं सात काड्यांत होतात. चार डबे भरलेले. अर्थ स्वच्छ: जपा. हुकूम नाही, खेकसणं नाही. आणि शब्द आईने दिला! काखेत कळसा म्हणतात तो असा.

साहेब म्हणाले, “दिसायला बरा आहे. गिऱ्हाइकाला आवडेल.” त्यांनी लगेच पुढच्या सगळ्या यंत्रांसाठी मंजूर केला.

सर्किटवाल्याने मात्र डोकं खाजवलं. “चाचणीच्या दोन मशीनमध्येपण आत्ताच बदलू?”

“आत्ताच. होल्ड राहील तितके दिवस धोका.”

“मग तिथल्या बायकांना सांगून ठेवावं लागेल.”

“सांगायचं काय त्यात? समोर लिहिलेलं असेल. वाचतील.”

त्याने पट्टी बंद केली. त्याला वाटतं, कामगार बायका म्हणजे अडाणी. मला त्याची कीव आली.

२० जून, गुरुवार

संध्याकाळी धुलाईघर बंद झाल्यावर सर्किटवाला जाऊन नवी चिप घालून शब्द बदलून आला. आईला मी मुद्दामच सांगितलेलं नाही. उद्या ती कामावर जाईल, यंत्र तिला पहिल्यांदाच प्रेमाने काहीतरी म्हणेल, आणि ती घरी येऊन मला सांगेल. तेव्हा मी सांगेन की तो शब्द आपला आहे.

२१ जून, शुक्रवार

आईचे दोन्ही पाय भाजले. घोट्यापासून बोटांपर्यंत. यंत्राचं दार उघडलं आणि पाणी आलं.

बाबा तिच्याजवळ आहेत. मी लिहू शकत नाही.

२२ जून, शनिवार

तिला घरी आणलं. पाय उशीवर, पांढऱ्या पट्ट्यांत. बरे होतील म्हणाले डॉक्टर, पण वेळ लागेल.

मी विचारलं, उघडलंस कशाला? ती म्हणाली, “माझीच घाई.” पुन्हा विचारलं, तर तेच. “घाई झाली माझी. जाऊ दे.”

मग माझा तोल गेला. मी ओरडले. “एवढं मोठं केअर लिहिलं होतं समोर! लाल दिव्यांत! वाचूनसुद्धा उघडायचं म्हणजे काय, आई?”

तिने माझ्याकडे बघितलं. “तुला काय माहीत तिथे काय लिहिलं होतं?”

“मीच लिहिलं होतं!”

तिने अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, “तू लिहिलं होतंस होय ते? छान असेल मग.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला काही कळत नाही. माझ्या शब्दात काय चूक होती? मी पुनःपुन्हा तपासतेय. काहीही चूक नाही.

२४ जून, सोमवार

साहेब दारातच भेटले. हसत. एका चाचणीच्या ठिकाणी अपघात झाला म्हणाले, पण आपल्याला काही तोशीस नाही. हॉस्पिटलच्या मुकादमांचा अहवाल आला होता. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. “यंत्रावर सावधानतेची सूचना स्पष्ट दिसत असतानाही संबंधित महिलेने दार उघडले. सदर महिलेस यंत्रावरून कमी करून पुन्हा छाननी विभागात पाठवण्यात येत आहे.”

“तुझ्या शब्दाने तारलं आपल्याला,” साहेब म्हणाले. “होल्ड असता तर वकिलांनी कीस काढला असता. केअर म्हटल्यावर काय बोलणार? तुला कायम करण्याचं पत्र ह्याच आठवड्यात काढतो.”

मी “थँक्यू सर” म्हटलं.

सदर महिला. मी “थँक्यू सर” म्हटलं.

२५ जून, मंगळवार

बुटकी मावशी आईला बघायला आली. आल्या आल्या पलंगावर बसकण मारली आणि सुरू झाली. “त्या मशीनच्या तोंडाला आग लागो. खुर्ची दाखवलीच नाही मेल्याने! एकदम कंगवा!”

“गप गं,” आई म्हणाली.

“का गप? त्यात कधीकधी वाफ एवढी की पहिले दोन डबे दिसतच नाहीत. शेवटच्यात बघितलं तर कंगवा. मी असते तरी उघडलंच असतं.”

मी विचारलं, “मावशी, कुठला कंगवा?”

“अगं, कंगवा! तुला नाही माहीत? तू म्हणे तिथेच कामाला आहेस ना?” तिने अंबाड्यातले आकडे उपसले आणि चादरीवर मांडायला लागली. एक उभा लांब, मधून एक आडवा, त्याच्या टोकाला खाली एक उभा. “ही बघ खुर्ची. पाठ, बैठक, पाय. ही आली की बसायचं, आत गरम पाणी असतं.” मग पुन्हा मांडलं: एक उभा लांब, त्याला तीन आडवे दात. “आणि हा कंगवा. हा शेवटच्या डब्यात आला की संपलं. दार उघडायचं. तुझ्या आईनेच शोधून काढलं हे सगळं. ती बादली, ते घर… आम्हाला पाठ करून घेतलं तिने!”

खुर्ची म्हणजे होल्डचा पहिला एच. कंगवा म्हणजे डनमधला शेवटचा ई.

सी, ए, आर, ई.

मी आकड्यांकडे बघत राहिले. केअरच्या शेवटी कंगवा आहे. उकळतं पाणी आत असताना मी तिला कंगवा दाखवला.

आई छताकडे बघत म्हणाली, “मला वाटलं, आज लवकर आटपलं बाई.” मग मावशी गेल्यावर, अगदी हळू, “मला नाही येत इंग्रजी. तुझ्यासमोर म्हणायचं धाडस नाही झालं. छाननीतनं सुटायचं होतं गं. त्या वासाने जेवण जात नाही मला, किती वर्षं झाली.”

हे मला माहीत नव्हतं. ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी जेवते, हे मी लहानपणापासून बघते आहे. मला वाटायचं, ती आमच्यासाठी मागे ठेवते.

२६ जून, बुधवार

मी म्हटलं, आजच साहेबांना सगळं सांगते. आई उठून बसली. “काय सांगशील? की तुझी आई खोटं बोलली? छाननी तरी राहील का मग? आणि तुझं कायमचं पत्र?”

“पण चूक तुझी नव्हती!”

“मग तुझी म्हणायची? ते तर मी मेल्यावरसुद्धा म्हणणार नाही.”

आम्ही दोघी भांडलो. मी रडले, ती रडली, पाय हलला म्हणून कळवळली. बाबा एका बाजूला ब्रश रॉकेलमध्ये धूत बसले होते. शेवटी म्हणाले, “धन्य आहात दोघी. एकीला न येणारं येतं म्हणायचं होतं, आणि दुसरीला असलेली आई नाही म्हणायची होती.”

मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२८ जून, शुक्रवार

सांगितलं. आईला न विचारता. साहेबांच्या केबिनमध्ये उभ्यानेच सांगितलं: ती सदर महिला माझी आई आहे. शब्द बदलला तेव्हा तिथे कुणालाही कळवलं नव्हतं. कळवायची गरज नाही असं मीच म्हटलं होतं. मग कागदावर काड्या काढून खुर्ची आणि कंगवा दाखवला.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “म्हणजे हा घरगुती मामला आहे.”

“नाही सर. पुढच्या सगळ्या यंत्रांचा मामला आहे.”

“इंग्रजी न येणाऱ्या बाईला मशीनवर ठेवलं, ही हॉस्पिटलची चूक. तिथे आपण कशाला शिरायचं?”

तेवढ्यात सर्किटवाला आला. मीच त्याला बोलावून ठेवलं होतं. तो म्हणाला, “साहेब, वाचत मीपण नाही. लांबून शेवटचा डबा बघतो. वीस वर्षं हेच करतोय.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“बोललो होतो ह्यांना. बायकांना सांगा म्हटलं.” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “पण कंगवा मलाही दिसला नव्हता.”

निकाल असा: सगळ्या यंत्रांत पुन्हा होल्ड. मला कायम करायचं पत्र बेमुदत लांबणीवर. शब्द न कळवता बदलला होता असं पत्र हॉस्पिटलला द्यायला साहेब तयार नाहीत. कंपनीच्या कागदावर तर मुळीच नाही. सर्किटवाल्याने मग साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि खाली सही केली. ‘चिप बदलणारा’ असं लिहून.

एवढे दिवस मी त्याला काय समजत होते!

१ जुलै, सोमवार

ते पत्र घेऊन मुकादमांकडे जायला निघाले, तर आईही रिक्षात येऊन बसली. बाबांच्या मोठ्या चपला घालून, पट्ट्यांवरून. शुक्रवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. रिक्षातही नाही.

मुकादम चांगले आहेत, पण नियमावर बोट ठेवून श्वास घेणारे. मी पत्र पुढे केलं, बोलायला तोंड उघडलं, आणि आई मधेच म्हणाली, “साहेब, मला इंग्रजी येत नाही. मी खोटा हात वर केला. खुर्ची येते, कंगवा येतो, बादली येते. तेवढ्यावर दोन आठवडे मशीन चालवलं, एक चादर फाटली नाही.”

मुकादमांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. “बाई, यंत्रावरची सूचना वाचता येणं बंधनकारक आहे. मी काय करू? तुमच्या जागी शाळा पास झालेली मुलगी घेतलीय. चुणचुणीत आहे.” मग जरा थांबून, “चूक तुमची म्हणून लिहिलंय, ते खोडतो. पण छाननीच.”

परत येताना मी रिक्षात रडायला लागले. एवढं सगळं करून हातात काय, तर खोडलेली एक ओळ. आई म्हणाली, “रडतेस काय? जगासमोर एकदा खरं बोलले. आता हलकं वाटतंय.” आणि पुढे, “भूक लागलीय.”

९ जुलै, मंगळवार

आज दुपारी मुकादमांचा फोन आला. माझ्याच नंबरवर, कारण पत्राखाली मी तोच लिहून दिला होता.

शाळा पास झालेल्या मुलीने होल्ड वाचलं. नीट वाचलं, बरोबर वाचलं, आणि दाराचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओढणारच होती. बुटक्या मावशीने पदर धरून तिला मागे खेचली आणि अशी काही शिवी दिली म्हणे की मुकादमांना ती फोनवर सांगता येईना.

म्हणजे मी म्हणत होते तेही बरोबरच होतं! हे कळून आनंद व्हायला हवा होता. मी टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले. जिला वाचता येतं ती होल्डवर फसते, जिला वाचता येत नाही ती केअरवर. सगळी इंग्रजी भाषा पालथी घातली तरी दोघींना पुरेल असा एक शब्द नाही?

मुकादम म्हणाले, “तुमच्या आईला विचारा, बऱ्या झाल्यावर त्या मुलीबरोबर मशीनवर उभ्या राहतील का. एक वाचेल, एक बघेल. नियमात तसं बसतंय.”

आईला सांगितलं. ती म्हणाली, “उभी नाही राहणार. बसणार. खुर्ची आली की.”

१४ जुलै, रविवार

सकाळपासून पलंगावर आम्ही दोघी. मध्ये काडेपेटीच्या काड्या. मी चार अक्षरी शब्द मांडायचा, ती उशीला टेकून, डोळे बारीक करून बघायची. अर्थ मी सांगायचा नाही, असं ठरलंय.

“हे काय? उलटी बादली. मग चौकट. मग हे घर. नको, बॉइलसारखं वाटतं लांबनं.”

“आणि हे?”

“ह्यात खुर्ची मधेच कुठे घातलीस? खुर्ची पुढे पाहिजे. आधी बसायचं, मग बाकीचं.”

हॉल्ट मांडला. ती बराच वेळ बघत राहिली. “खुर्ची आहे पुढे. मागे कंगवा नाही. बरा आहे. काय म्हणतो हा?”

“थांब, म्हणतो. जरा दरडावून.”

“दरडावू दे की. उकळतं पाणी आहे आत, लाडीगोडी कशाला?”

तो मी महिन्यापूर्वीच फेटाळला होता. मानासाठी. आईला हे सांगितलं नाही; तिने काड्या गोळा करता करता विचारलं मात्र, “सर्किटवाल्याने सुचवला होता ना हा? तू रागाने बडबडत होतीस तेव्हा ऐकलं होतं मी.”

१५ जुलै, सोमवार

साहेबांना नवीन तक्ता दिला. हॉल्ट वर लिहिला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: बदल करण्याआधी आठ दिवस प्रत्येक धुलाईघरात स्वतः जाऊन दाखवणे. जायची तयारी माझी. फेटाळलेल्या शब्दांसाठी वेगळा रकाना आहे, त्यात कारण द्यावं लागतं. होल्डपुढे लिहिलं: वाचणारीला दांडा धरावासा वाटतो. बाकीचे भरत गेले. केअरपाशी आले तेव्हा पेन थांबलं. त्या रकान्यात शोभेल असं खूप काही लिहिता आलं असतं, मला भाषा येते.

साहेबांनी तक्ता वाचला. केअरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे काय कारण झालं? बाहेरच्या माणसाला काही कळेल का?”

मी म्हटलं, “कळायला हवं असेल तर चला माझ्याबरोबर धुलाईघरात. आई दाखवेल.”

त्यांनी सही केली. कारण तसंच राहिलं: ‘शेवटी कंगवा आहे.’